ओसरीपासून संडासापर्यंत

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना मौद्याजवळ कन्हानचा पूल मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी धानाच्या बांध्या दिसू लागतात. चैत्रातल्या रणरणत्या उन्हातही पाणी धरून उभ्या असलेल्या, डोळे निववणाऱ्या. बांधावर मोहाची झाडे, आणि झाडांखाली पहाटेपासून फुले वेचणारी माणसे. त्यांतली निम्मी साठी उलटलेली असावीत. पुढे भंडारा शहर येते आणि त्याच्या पलीकडे वैनगंगेचा लांब पूल. या जिल्ह्यात लोक येतात ते कोका अभयारण्य, गोसीखुर्दचे धरण नाहीतर पवनीचे घाट पाहायला. मी आले होते ती घरे पाहायला, ज्या घरांत म्हातारी माणसे राहतात ती. पिशवीत मोजपट्टी होती, वही होती, आणि गावागावांतल्या आशाताईंना आधीच फोन करून ठेवले होते.

हा जिल्हाच का, तर इथे प्रश्न उघडा दिसतो म्हणून. 2011 च्या जनगणनेत भंडाऱ्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती. त्याच वेळी महाराष्ट्रात दर शंभरांत सुमारे दहा माणसे साठीपुढची होती. ती सरासरी धरली तरी जिल्ह्यात लाखाहून जास्त ज्येष्ठ भरतात. पोरे नागपूरला, पुण्याला, सुरतेला कामाला. धान, गुरे आणि घर सांभाळायला आईवडील मागे. ज्येष्ठांच्या निवासाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच वृद्धाश्रम आठवतो. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यातही दर जिल्ह्याला निदान एक, किमान दीडशे निराधारांना सामावणारा वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. तो हवाच. पण दीडशे खाटा आणि लाखभर माणसे हा हिशोब मांडला की लक्षात येते, बाकीचे सगळे आपापल्या घरातच म्हातारे होणार आहेत. मग त्या घरांचे काय?

शहरात या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळाले आहे. पुण्यात परांजप्यांच्या ‘अथश्री’सारख्या वसाहती खास ज्येष्ठांसाठी उभ्या राहिल्या. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वेही काढली. घसरणार नाही अशी फरशी, धरायला दांडे, चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे. हे सगळे संकुल विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या साठीपुढच्या दर दहांपैकी सात माणसे खेड्यात राहत होती, आणि त्यांच्या घराचा आराखडा गावातला मिस्त्री जागेवर, फक्कीने रेघा मारून ठरवतो.

निघण्यापूर्वी मी पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनरबद्दल पुन्हा वाचले होते. 1979 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने स्वतःला म्हातारे करून घेतले. चेहऱ्यावर सुरकुत्यांचा मेकअप, नजर धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, गुडघे वाकू नयेत म्हणून पायांना बांधलेल्या पट्ट्या. अशा वेशात तीनेक वर्षांत ती अमेरिका आणि कॅनडातल्या 116 शहरांत हिंडली. दुकानाचे दार, बसची पायरी, डब्याचे झाकण, रस्ता ओलांडताना लवकर बदलणारा दिवा, सगळे तिने अंगावर घेऊन पाहिले. ज्येष्ठांसाठी वस्तू आणि जागा घडवण्याची दिशा पुढे बदलली, त्यात या फिरण्याचा मोठा वाटा आहे. मला वेश घ्यायची गरज नव्हती. ज्यांना रोज हे सोसावे लागते ती माणसे समोर होती, आणि विचारले तर सांगायला तयार होती.

भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला वरठी लागते, मग मोहाडी. मोहाडी आणि आंधळगाव हा कोसा रेशमाचा मुलूख. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसे किडे वाढवतात, आणि कोशांतून धागा काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायांचे. पारंपरिक पद्धतीत बाई जमिनीवर बसून उघड्या मांडीवर तळव्याने धागा वळते. वर्षानुवर्षे तेच केल्याने मांडीची कातडी सोलवटते, कंबर आणि मान धरते. केंद्रीय रेशीम मंडळाने गेल्या काही वर्षांत ही पद्धत थांबवण्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले, ज्यावर बसून धागा काढता येतो. घरांच्या लेखात यंत्राची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. इथल्या म्हातारपणात निवृत्ती नसते. सत्तरीची बाई कोसा वळते, मोहफुले वेचते, शेळीला पाला आणते. तिचे घर हे तिचे कामाचे ठिकाणही आहे, आणि घराचा आराखडा करणाऱ्याने हे आधी पाहायला हवे.

तालुक्यातल्याच एका गावात आशाताईने मला एका आजींकडे नेले. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे वाडी. आजींची कंबर पूर्ण वाकलेली. जिल्ह्यात अशा बाया फार दिसतात. बालपणापासून धानाच्या रोवणीला ओणवे राहून चिखलात गेलेले आयुष्य त्या पाठीत उतरलेले असते.

“काय पायता बाई, जुनं घर हाये,” आजी म्हणाल्या.

मी म्हटले, “आजी, तुम्ही सकाळपासून काय काय करता ते मला दाखवा. मी मागे मागे येते.”

त्या हसल्या आणि चालू लागल्या. पुढचा तासभर जे पाहिले ते कुठल्याही पुस्तकात मला इतके स्पष्ट भेटले नव्हते.

खाट ओसरीत, भिंतीला लागून. खाटेच्या वर आढ्याला दोर बांधलेला, खाली गाठी मारलेल्या. तो धरून त्या उठतात. नातवाने बांधला. दवाखान्यातल्या पलंगावर रुग्णाला उठायला टांगती कडी असते, तेच तत्त्व. ओसरीतून घरात जाताना उंबरठा, चांगला वीतभर. आजी आधी दाराची चौकट धरतात, मग एक पाय, मग दुसरा. चौकटीवर जिथे त्यांचा हात रोज पडतो तिथे लाकूड गुळगुळीत झाले होते. दांडा कुठे बसवावा हे शोधायला याहून चांगली खूण कोणती? मी मोजपट्टी लावली. सामान्य उंचीच्या माणसासाठी जिन्याचा कठडा ज्या उंचीवर धरतात त्याच्या बरीच खाली ती जागा होती. वाकलेल्या माणसाचे खांदे, कोपर, नजर, सगळेच खाली आलेले असते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचे मोठे संकलन प्रसिद्ध केले. फर्निचर, यंत्रे, स्वयंपाकाचे ओटे करताना ते आजही आधाराला घेतात. पण रोवणीने वाकलेल्या पाठीचे माप त्या त्या घरी जाऊनच घ्यावे लागते.

दाराची कडी वरच्या बाजूला. आजींचा हात पोचत नाही, म्हणून रात्री दार नुसते लोटलेले. विजेचे बटणही वर, ते काठीच्या टोकाने दाबतात. स्वयंपाकघरात भरदिवसा अंधार, भिंती धुराने काळ्या. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत जो उजेड पोचतो तो विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा असतो. भिंग पिवळट होते, बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. म्हणजे सुनेला जो कोपरा जरासा अंधुक वाटतो तो आजींना काळोखच. एका कवेलूच्या जागी काचेचे कवेलू घातले तर चुलीवर दिवसभर उजेड पडतो. शेजारच्या घरात तसे होतेही. आजींच्या घरात नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते.

आणि या घरातली चांगली बाजू? ओसरी. ती जमिनीपासून जेमतेम एका पायरीने वर, आणि तिच्या कडेला गेरूचा जाड पट्टा ओढलेला. सणाला ओढायची रीत, पण म्हाताऱ्या नजरेला पायरीची कड कुठे संपते ते त्याच पट्ट्याने कळते. पायरीच्या कडेला उठून दिसणारा रंग द्यावा ही सूचना सुगम्य इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांत असते. इथे ती दिवाळीच्या सारवणात आधीपासून होती. ओसरीत बसून रस्ता दिसतो, येणारा-जाणारा “काय जी, जेवले का?” विचारून जातो. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आजींची खाट ओसरीत कुणी संशोधन वाचून ठेवली नव्हती. पण ती तिथून हलवू नये, एवढे तरी त्या संशोधनातून आपण घ्यावे.

त्या हलवण्याचीच भीती आहे. आजींच्या घराला लागून मुलाचे घरकुल उभे राहिले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. या योजनेने कितीतरी कुटुंबांना पक्के छत दिले, पावसाळ्यात दर वर्षी कवेलू फेरण्याची दगदग संपवली. हे मोठे काम आहे आणि ते झाले पाहिजे. पण त्या घरकुलाचे जोते कमरेपर्यंत उंच, चढायला तीन अरुंद पायऱ्या, कुठेही धरायला काही नाही. ओसरीच नाही. वर काँक्रीटचा स्लॅब.

“तिकडं नाई जात मी,” आजी म्हणाल्या. “उन्हाऱ्यात जीव कासावीस होते जी. हे घर थंडं रायते.”

विदर्भातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मातीची जाड भिंत तापायलाच संध्याकाळ होते. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, आणि रात्री थंडावा मिळाला नाही तर दिवसाचा ताण उतरत नाही. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर त्या शहराने 2013 मध्ये देशातली पहिली उष्माघात कृतियोजना आखली, आणि पुढे स्लॅबवर पांढरा लेप देण्याचे काम तिथल्या वस्त्यांत झाले. भंडाऱ्यातल्या घरकुलावर होळीनंतर चुन्याचे दोन हात दिले, पुढे टिनाची का होईना पण सावलीची पडवी काढली, तर त्या खोलीत म्हातारे माणूस दुपार काढू शकेल. कूलर आहेच की, असे मुलगा म्हणाला. त्या कूलरमध्ये पाणी कोण भरते हे मी विचारले. दिवसा घरात आजीच असतात, आणि बादली उचलणे त्यांना जमत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी दाखवली, आणि तीही मुलगा बाहेर गेल्यावर. संडास वाडीच्या टोकाला. स्वच्छ भारत योजनेतून बांधलेला, पक्का, कडी असलेला. बायकांना अंधार पडण्याची वाट पाहावी लागत होती ते दिवस याने संपवले, त्याचे मोल कमी लेखू नये. पण खाली शोषखड्डे म्हणून चौथरा उंच, चढायला एकच मोठी पायरी. आत बसके भांडे, उठताना धरायला नळसुद्धा नाही. वाट मातीची, दिवा नाही.

“रात्री उठाचं म्हटलं तं भेव लागते. म्हनून मी सांजेपासून पानीच पीत नाई.”

हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतले. पाणी न पिणे म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर, आणि चक्कर म्हणजे पडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पासष्टीपुढच्या दर तिघांपैकी सुमारे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. खुब्याचे हाड मोडले की पुढचे सगळे खाटेवर. एका पायरीची उंची आणि नसलेला एक दिवा यांपासून ही साखळी सुरू होते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकवणारे अलेक्झांडर किरा यांनी अनेक वर्षे एकाच गोष्टीचा अभ्यास केला: माणूस न्हाणीघरात आणि संडासात नेमका कसा वाकतो, बसतो, उठतो, कुठे हात टेकतो. 1966 मध्ये त्यांचे ‘द बाथरूम’ हे पुस्तक आले. लोक ज्याबद्दल बोलायला लाजतात त्या जागेचे आराखडे सर्वांत वाईट असतात, कारण तिथे कुणी काही मोजत नाही, ही त्यांची मूळ तक्रार मला त्या वाडीत उभी असताना पटली. गावे मात्र आपापल्या परीने मोजतातच. शेजारच्या आजोबांनी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध गोल भोक पाडून ती भांड्यावर ठेवली होती. कल्पना उत्तम, पण ओल्या फरशीवर तिचे पाय सरकतात. लोखंडी कांबीची चौकट, खाली रबराची टोपणे, भिंतीत रोवलेला इंचभर जाडीचा पाइप आणि वाटेवर झिरोचा बल्ब: गावातला वेल्डर आणि वायरमन हे अर्ध्या दिवसात करू शकतात. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी पाहिलेल्यांना आठवत असेल, माती-बांबूच्या त्या साध्या घरात स्वच्छतागृह खोलीला जोडूनच आहे. साधेपणा आणि सोय यांचे भांडण नाही.

परतताना मनात लॉटन घोळत होते. पॉवेल लॉटन या मानसशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातल्या ज्येष्ठांच्या केंद्रात आयुष्यभर काम केले. 1973 मध्ये ल्युसिल नाहेमो यांच्यासोबत त्यांनी मांडलेले सूत्र असे: परिसर माणसाकडून काहीतरी मागत असतो. ती मागणी अंगातल्या बळापेक्षा फार वाढली तर माणूस खचतो. फार कमी झाली तरीही खचतो, कारण असलेले बळ वापरात राहत नाही. म्हणून आजींना सगळे हातात आणून देणे हा उपाय नाही. वाडीतले वांग्याचे झाड त्यांनीच पाहावे, शेळीही त्यांनीच बांधावी. फक्त त्या वाटेवर मधे टेकायला एक ओटा असावा.

दुसरा मुक्काम पवनीचा. भंडाऱ्याहून पहेला, अड्याळ, कोंढा करत रस्ता जातो. पवनी फार जुने गाव. इथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. गावाला कोट, जवाहर दरवाजा, आणि वैनगंगेवर एकामागून एक घाट. पहाटे घाटावर स्नानाला येणारी बरीच माणसे वयस्क. दगडी पायऱ्या जागोजागी खचलेल्या, कडा झिजलेल्या. वैजेश्वराच्या बाजूला मी बसून पाहत होते: जवळपास प्रत्येक जण भिंतीच्या कडेने उतरतो, मधून कुणीच नाही. एक हात भिंतीला, एक हात तांब्याला. घाटाची डागडुजी करताना त्या एका कडेला साखळी किंवा दांडा बसवला तर पुरे, सगळ्या पायऱ्यांवर खर्च करायला नको. कुठे बसवायचा ते ठरवायला तासभर बसून पाहण्याखेरीज काही लागत नाही.

पवनीहून जवळच गोसीखुर्द. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पाणी चढत गेले तशी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली नदीकाठची गावे उठली. पुनर्वसनाच्या गावठाणांत 18 नागरी सुविधांची चर्चा अजून चालते: रस्ते, शाळा, पाणी, समाजमंदिर. अशा एका गावठाणात मी भर दुपारी पोचले. सरळ आखलेले रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका घराच्या भिंतीच्या सावलीत तीन आजोबा बसले होते, आणि सावली सरकेल तसे तेही सरकत होते. जुन्या गावात पार होता, म्हणाले. पिंपळाखाली पन्नास माणसे बसायची, तिथेच तंबाखू, तिथेच पंचायत, दंडारीचा खेळ बघायला तिथूनच निघायचे. इथे झाडे लावली आहेत, पण पिंपळाला सावली द्यायला वीस-तीस वर्षे लागतात आणि या तिघांकडे तेवढी नाहीत. घरे मोजून देता आली, भूखंड देता आले. बसायची जागा कुणाच्या यादीत पुरेशा वर नव्हती. जिथे गाव नव्याने वसते तिथे माणसे येण्याच्या दहा वर्षे आधी झाडे लागली पाहिजेत, आणि तोवर गवताचा का होईना मांडव. मला या दौऱ्यात सर्वांत जास्त वाईट वाटले ते इथे.

मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांवर माणसांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात नुसते प्रश्न नव्हते. मुठीची पकड मोजली, तोल पाहिला, चार मीटर चालायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजला. ही मापे अवघड नाहीत. आशाताई आणि एक मोजपट्टी असली तर गावाच्या पातळीवर घेता येतात, आणि त्यांना पाच मापे जोडायची: जोत्याच्या पायरीची उंची, उंबरठ्याची उंची, कडीची उंची, खाटेपासून संडासापर्यंतची पावले, आणि त्या वाटेवर दिवा आहे की नाही. मी आशाताईंना हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तं लसीकरणाच्या फेरीतच होऊन जाते ना जी.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी अड्याळच्या बाजूला एका घरकुलाचे जोते भरणे चालू होते. मिस्त्रीला विचारले, एवढे उंच का? पाणी शिरू नये म्हणून, आणि शेजाऱ्याचे तेवढेच आहे म्हणून. पायऱ्या लहान आणि रुंद केल्या, बाजूला विटांची धरायची भिंत घेतली, तर खर्च किती वाढेल? त्याने मनातल्या मनात विटा मोजल्या. “आत्ता म्हनाल तं काहीच नाई. उद्या तोडून कराचं म्हनाल तं मंग लागते.”

आवास योजनेत हप्ता सुटायला बांधकामाच्या टप्प्यांचे, जोत्याचेही, छायाचित्र ठिकाणासह मोबाइलवरून पाठवावे लागते. म्हणजे जोते तपासायला यंत्रणेचा माणूस तिथे जातोच. त्याच योजनेत ग्रामीण गवंड्यांना 45 दिवसांचे प्रशिक्षण देण्याची सोय आहे. त्या पंचेचाळिसांतला एक दिवस मिस्त्र्यांनी गावातल्या एखाद्या आजीच्या मागे, ओसरीपासून संडासापर्यंत, तिच्या चालीने चालण्यात घालवावा, हातात मोजपट्टी घेऊन. आणि जोत्याच्या छायाचित्रात पायऱ्या आणि धरायची भिंत दिसावी अशी एक ओळ अर्जात वाढवावी. जिल्हा परिषदेला हे नव्या निधीशिवाय करता येईल, आणि पुढच्या उन्हाळ्यातली जोती भरण्याआधी करता येईल.